शेवटच्या वातीपर्यंत

तसं पाहिलं तर केतकी गुरव वेळेची पक्की. शाळेत तिच्या नावापुढे कधी उशिराची खूण लागली नाही, प्रबंध तिने मुदतीच्या आठ दिवस आधी नेऊन दिला, आणि साडेसहाच्या एसटीसाठी ती सहालाच स्टँडवर जाऊन बसायची. अशा बाईने आयुष्यात एकदाच उशीर केला, तोही एका दिवसाचा. निदान दोन वर्षं तिची तशी समजूत होती.

तिचं गाव सातविणे. कोकणात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. गावाला उत्तरेकडून एक कडा येतो आणि दक्षिणेकडून एक. दोन्ही काळे, उभे, घोरपडही दोनदा विचार करून चढेल असे. पण हे दोन कडे एका रेषेत नाहीत आणि एकमेकांना भिडतही नाहीत. उत्तरेचा कडा थोडा पूर्वेला सरकून संपतो, दक्षिणेचा थोडा पश्चिमेला, आणि दोघांच्या टोकांमध्ये एक सावकाश चढत जाणारी जमीन उरते. तिला गावात उतरण म्हणतात. खालच्या सपाटीवरून वरच्या माळावर जायचं तर तेवढी एकच सोपी वाट. आधी तिथून ओढा उतरला, मग गुरं चढली, मग माणसं राहिली आणि शेवटी डांबरी रस्ता आला. सगळे हुशार, सगळ्यांनी सोपी वाट धरली. ती सोपी का आहे, हे मात्र हजार वर्षांत कुणी विचारलं नाही.

केतकीने विचारलं, आणि त्यातच तिची भूशास्त्रातली डॉक्टरेट झाली. शाळेच्या भूगोलात आपण सगळेच शिकतो: जमिनीला ताण बसला की खडक तुटतो, आणि तुटलेल्या तिरक्या फटीवरून एक बाजू खाली घसरते. हा सामान्य प्रस्तरभंग. नाव सामान्य असलं तरी डोंगर उभे करण्याची ताकद त्याच्यात असते, कारण जी बाजू खाली जात नाही तिचा कडा होतो. पण तो एका दिवसात तयार होत नाही. सुरुवात वीतभर भेगेपासून. दर भूकंपाला ती थोडी घसरते आणि दोन्ही टोकांनी थोडी लांबते. अशा दोन भेगा वाढत वाढत एकमेकींच्या शेजारी आल्या की त्या सरळ धडकत नाहीत. त्यांच्यामधला पट्टा दोघींचा ताण अंगावर घेतो, वाकतो, कलतो. तीच उतरण. ती कलते आहे तोवर टिकते. पण कधीतरी कलायची हद्द संपते, पट्टा आरपार फाटतो आणि दोन भेगांची एक मोठी भेग होते. भेग जितकी लांब तितका तिचा पुढचा धक्का मोठा.

पट्टा कधी फाटेल हे सांगणारं यंत्र माणसाला २०३९ साली मिळालं. यंत्र म्हणजे एक पेटी नव्हे, पेट्यांचं जाळंच. प्रत्येक पेटीत एक कलमापक. मैलभर लांब फळीच्या एका टोकाखाली कागद सरकवला तर जेवढा कल येईल, तेवढाही त्याला कळायचा. डोंगराडोंगरात बसवलेल्या शेकडो पेट्यांचे आकडे पुण्याच्या कार्यालयात यायचे, संगणक ते जुळवायचा आणि नकाशावर रंग भरायचा. लाल म्हणजे गाव हलवा, हिरवा म्हणजे निर्धास्त राहा. परदेशात दोन ठिकाणी या पद्धतीने चार-चार महिने आधी इशारा दिला होता आणि तो खरा ठरला होता. जाळ्याचं सरकारी नाव लांबलचक. कार्यालयातले लोक त्याला ‘कौल’ म्हणायचे. नाव केतकीनेच सुचवलं होतं. गुरवाची मुलगी, दुसरं काय सुचणार!

तिचे वडील दत्ताराम गुरव, म्हणजे आप्पा. सातविण्याच्या पाणजाईची पूजा आणि कौल लावणं, म्हणजे मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कुठली आधी पडते त्यावरून देवीचं उत्तर सांगणं, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे. केतकी पहिली पेटी घेऊन गावी आली तेव्हा आप्पा हसून म्हणाले, “माजा कौल पाकळीचा, तुजा बॅटरीचा. देवी कोनाचं आयकते बगू.”

पेटी बसवायला पक्का, मोठा, सपाट दगड लागतो. तो देवळातच होता. सभामंडपातली दिवेशिळा: सोळा फूट लांब, एकसंध काळा दगड, चार दगडी पायांवर ठेवलेला. तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटभर खोल पन्हळ कोरलेली, आणि पन्हळीच्या काठाने एकवीस वाती. त्रिपुरी पौर्णिमेला उत्तरेच्या टोकाला तेल ओतायचं. ते आपल्या पायांनी चालत एकविसाव्या वातीपर्यंत गेलं पाहिजे. शेवटची वात गावात सगळ्यात शेवटी आलेल्या घराची. तेल तिथवर पोचलं की नवं घर गावात मिळालं, असा सातविण्याचा रिवाज.

केतकीने शिळेवर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोब्बर मध्ये. ती खूश झाली. इतक्या शतकांनंतरही ही शिळा सपाट आहे म्हणजे खालचा खडक किती पक्का असेल, असं तिने अहवालात लिहिलं. बरोबरच्या अभियंत्याने पेटी ठोकून बसवली आणि आप्पांना बजावलं, “या पेटीला हात लावायचा नाही.”

“नाय लावनार,” आप्पा म्हणाले. आणि आप्पा शब्दाचे पक्के होते.

पाच वर्षांत सातविण्याची पेटी अख्ख्या जाळ्यात नावाजली. बाकीच्या पेट्या कुठे ना कुठे भरकटायच्या, ही नाही. पावसाळ्यापासून तिचा आकडा हळूहळू कलायचा आणि कार्तिकात पुन्हा शून्यावर यायचा. जमीन पाण्याने फुगते आणि सुकली की बसते, असा संगणकाने अर्थ लावला. उपग्रहांवरून ताडून पाहावं तर कोकणातल्या दाट झाडीखाली त्यांना धड दिसत नाही. शेवटी कार्यालयाने ठरवलं, सातविण्याचा दगड हलत नाही असं धरायचं आणि आसपासच्या चाळीस पेट्या त्याच्याशी ताडायच्या. निर्णयाच्या कागदावर केतकीची सही होती.

स्टँडवर आपण एसटीत बसलेलो असतो आणि शेजारची गाडी मागे जाताना दिसते. क्षणभर कळत नाही, ती मागे जाते आहे की आपण पुढे निघालोय. आपण थांबलेलो आहोत असं एकदा ठरवून टाकलं, की सगळी हालचाल शेजारच्या गाडीच्या नावावर जाते. तसं झालं. नकाशावर उतरण हिरवीगार राहिली आणि तिच्या खालची वाडी लाल झाली.

खालच्या वाडीत तेवीस घरं. त्यांना समजवायला २०४४ च्या ग्रामसभेत केतकीच उभी राहिली. तिने एक कोरा कागद घेतला, त्याला कात्रीने दोन समांतर काप दिले, एक वरून, एक खालून, टोकं एकमेकांच्या पुढे गेलेली. मग कागदाची एक बाजू खाली दाबली. दोन कापांमधली पट्टी कलली आणि छोटीशी उतरण तयार झाली. लोक पुढे सरसावून बघायला लागले.

“ही खालची बाजू म्हणजे खालची वाडी. घसरतेय ती ही. आणि ही पट्टी म्हणजे आपली उतरण. ही पक्की आहे. तुम्ही सगळे हिच्यावर या.”

पहिल्या रांगेत काशीकाकी घवाळी बसली होती. केतकीची शाळेतली मैत्रीण सुगंधा, तिची ही आई. सत्तरीची, तोंडाने फटकळ. नवरा गेल्यावर खालच्या वाडीतलं घर तिने एकटीने उभं ठेवलं होतं. लग्न मोडून परत आलेली सुगंधाही तिथेच राहायची.

“केतू,” ती म्हणाली, “तू आंगठा धरलायस म्हनून पट्टी फाटत नाय हां.”

सभा हसली, केतकीही हसली. तिने अंगठा काढला नाही.

काशीकाकी सगळ्यात शेवटी तयार झाली. केतकी तीनदा तिच्या घरी गेली, अंगणात बसली, तिच्या हातची आंबोळी खाल्ली. तिसऱ्या वेळी काकी म्हणाली, “तुज्या शब्दावर वर येतंय मी गो. नायतर ह्या घराला काय झालंय?” २०४६ च्या अक्षय्यतृतीयेला उतरणीवर तेवीस नवी घरं भरली. सगळ्यात शेवटी काशीकाकीचं.

त्याच वर्षी कार्तिक द्वादशीला, दुपारी, पुण्याच्या कार्यालयात केतकी सातविण्याच्या आकड्यांचा आलेख चाळत होती. कल यंदा नेहमीच्या तिप्पट झाला होता. पाऊस तर बेताचा पडलेला. तिने मागची वर्षं काढली. दरवर्षीचा कल आधीच्यापेक्षा मोठा, आणि दरवर्षी कार्तिकात तो शून्यावर. ती शून्याची जागा तिने मोठी करून पाहिली. कल हळूहळू उतरत नव्हता. तो चाळीस मिनिटांत उतरत होता.

जमीन सुकायला चाळीस मिनिटं?

तिने तारखा लिहून काढल्या. एकही तारीख दुसरीशी जुळेना. कधी नोव्हेंबरचा पहिला आठवडा, कधी शेवटचा. चहाच्या टेबलाशी भिंतीवर पंचांग टांगलेलं होतं. ती त्याच्याकडे नुसतीच बघत राहिली आणि मग जुनी पंचांगं संगणकावर उघडली. प्रत्येक तारीख कार्तिक शुद्ध त्रयोदशी होती.

आणि मग तिला आठवलं. आठ वर्षांची ती, परकर सावरून दिवेशिळेपाशी उभी. हातात पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी, शिळेवर टेकवलेली. आप्पा खाली वाकून शिळेच्या पायाशी मोगरीने काहीतरी ठोकत होते. “केतू, हलू नको. पानी कुटं जातंय ता बग.” हे तिने स्वतः केलं होतं, एकदा नाही, चार-पाच वर्षं. पेटी बसवताना तिने खडकाची जात तपासली, पाणसळ लावली, खालच्या खडकाचा आवाज घेतला. एवढं सगळं केलं, फक्त गुरवाला विचारलं नाही. गुरव तिचाच बाप होता आणि उत्तर तिला आधीपासून ठाऊक होतं.

त्रयोदशीला सकाळी दहाला ती देवळात पोचली तेव्हा आप्पा शिळेच्या उत्तरेकडच्या पायाखालची जुनी पाचर काढत होते. शिळेवर पाण्याची वाटी. पेटीवर त्यांनी स्वच्छ पंचा झाकून ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून.

“आलीस? बरा झाला. धर वाटी,” ते म्हणाले. “पेटीला हात नाय लावला हां मी. सात वर्सांत एकदा पन नाय.”

“आप्पा, शिळा दरवर्षी पाचर घालून पातळीला साधता?”

“साधायलाच लागते. नायतर तेल कसा जायल? माजा बाप धा-बारा वर्सांतनं एकदा पाचर बदलायचा. मला दरसाल बदलायला लागते. यंदा तर बग.” त्यांनी नवी पाचर दाखवली. ऐनाच्या लाकडाची, अंगठ्याएवढी जाड.

“जुन्या पाचरी कुठे आहेत?”

देवाला लागलेलं लाकूड चुलीत घालत नाहीत. आप्पांनी खुंटीवरची कापडी पिशवी काढून तिच्या ओच्यात रिकामी केली. प्रत्येक पाचरीवर सालाच्या खाचा होत्या. केतकीने त्या देवळाच्या फरशीवर ओळीने मांडल्या. आजोबांच्या पाच पाचरी जवळजवळ सारख्याच जाडीच्या. मग आप्पांच्या. सुरुवातीला एकीपेक्षा दुसरी नखाएवढी जाड, पुढे नाण्याएवढी, आणि शेवटच्या तीन झपाट्याने जाड होत गेलेल्या. आलेख काढायची गरजच नव्हती. तो फरशीवर मांडलेला होता. जाळ्यातल्या चाळीस पेट्यांना जे कळलं नाही, ते एका खुंटीवरच्या पिशवीत होतं. खालची वाडी घसरत नव्हती. उतरण कलत होती, आणि तिची कलायची हद्द संपत आली होती.

तिने आप्पांना सांगितलं. लपवाछपवी न करता सगळं सांगितलं. आप्पा पायरीवर बसले आणि बराच वेळ मोगरी हातात फिरवत राहिले.

“म्हंजे मी सरळ केलं, म्हनून तुला वाकडं दिसलं नाय.”

“तसंच.”

“आता?”

“आता फोन करायचा. उतरण लाल होईल. सहा तासांत गाव रिकामं करतील.”

“परवा पुनव हाय, केतू.” त्यांचा आवाज खाली गेला. “यंदाची शेवटची वात काशीची हाय. खालच्या वाडीची तेवीस घरं पहिल्यांदा गावात मिळतायत. मी माज्यासाठी सांगत नाय गो. मला लोक बोलतील, बोलू देत. पन तेवढी वात लागू दे. दोन दिवसांत डोंगर काय पळतोय?”

खरं सांगायचं तर आप्पांच्या शब्दासाठी ती थांबली नाही. तिला थांबायचंच होतं, आप्पांनी निमित्त दिलं. नकाशावर तिची सही होती. माणसांना तिने स्वतः, आंबोळ्या खाऊन, इथे वर आणलं होतं. पाचरींच्या भरवशावर एवढं मोठं विधान कसं करायचं, आधी नीट मोजायला हवं, असं तिने स्वतःला पटवलं. आणि एक गोष्ट तिला पटवावीही लागली नाही, ती तिच्या पेशातच मुरलेली होती. भूशास्त्राचा माणूस लाख वर्षांना ‘नुकतंच’ म्हणतो. पाच लाख वर्षं घडत आलेल्या गोष्टीत एक दिवस म्हणजे किती? तिने मनाशी ठरवलं: एक दिवस मोजायचं, आणि पौर्णिमेला सकाळी फोन.

तरी पाय तिला काशीकाकीकडे घेऊन गेले. काकी नव्या ओटीवर वाती वळत बसली होती.

“काकी, दोन दिवस खालच्या घरी जाऊन राहता का?”

“कशाला गो?”

केतकीने परडीतली एक वात उचलली. “काही नाही. सहज. जुनं घर झाडून घ्यायला.”

काकी खो खो हसली. “वर ये म्हनालीस तूच, आता खाली जा म्हनतेस तूच. डोकं फिरलं काय तुजं? पुनवंला माजी वात हाय! आता मी हिकडून हलनार नाय.”

केतकीही हसली आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीला दुपारी चारच्या सुमाराला, ती पाचरींची जाडी मोजत माजघरात बसली असताना आधी भांडी वाजली. मग असा आवाज आला, की पुढे कितीतरी दिवस तिला दुसरा आवाजच ऐकू आला नाही. देवळाच्या मागल्या अंगापासून ओढ्यापर्यंत उतरण तिरकी फाटली आणि खालचा तुकडा पुरुषभर खाली गेला. उत्तरेचा कडा आणि दक्षिणेचा कडा इतक्या लाखो वर्षांनी एकमेकांना मिळाले. फाटीच्या काठावर नव्या घरांची रांग होती. अकरा माणसं गेली. काशीकाकी ओटीवरच सापडली, वातींची परडी पदराखाली घेतलेली.

खालच्या वाडीतलं तिचं जुनं घर उभं होतं. दोन कौलं सरकली होती, तेवढंच.

चौकशी समिती रत्नागिरीत बसली. आप्पा धुतलेला सदरा घालून गेले. त्यांना विचारलं, शिळा का हलवत होता?

“तेल शेवटच्या वातीपर्यंत जायला हवं, म्हनून.”

“तुमच्या मुलीला हे कधी कळलं?”

केतकी चार खुर्च्या सोडून बसली होती. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. “फुटल्यावर,” ते म्हणाले. “पुनवंला म्हनून आलेली ती. तिला कायबी ठावं नव्हतं.”

ज्या माणसाने जन्मात देवीपुढे खोटा कौल दिला नाही, त्याने तेवढं एक खोटं सांगितलं. केतकीने ओठ उघडले आणि मिटले. त्या मिनिटाला बोलणं सोपं होतं. पुढच्या मिनिटाला अवघड झालं आणि मग रोज थोडं थोडं अवघड होत गेलं. अहवालात दोष ‘स्थानिक हस्तक्षेपा’चा निघाला. सगळ्या पेट्या खोल विवरांत, कुलपाआड गेल्या. जाळं सुधारलं, आणि सुधारणेचं काम चांगलं केलं म्हणून केतकीला वरचं पद मिळालं.

गावाने आप्पांचा पूजेचा मान काढून घेतला. कुणी शिवी दिली नाही, फक्त देवळाची किल्ली मागून घेतली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आप्पा एकदाच म्हणाले. केतकी त्यांना पुण्याला घेऊन आली. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते रोज सकाळी फरशीवर पाण्याची वाटी ठेवायचे, तिच्याकडे बघत बसायचे आणि मग ती तुळशीला ओतायचे. तिने कितीदा तरी ठरवलं, आज बोलायचं, समितीला पत्र लिहायचं. आप्पाच म्हणायचे, “जाऊ दे गो. तुजं चांगलं चाललंय. माजं आता काय ऱ्हायलंय?” दुसऱ्या वर्षी भाद्रपदात ते गेले. शेवटच्या आठवड्यात ते दोनदाच बोलले. दोन्ही वेळा विचारलं, “सातविन्यात पाऊस हाय काय?”

त्या त्रिपुरीला केतकी पाचरींची पिशवी घेऊन गावी गेली. ऊन कलायला आलं होतं. नव्या कड्यावर गवत उगवू लागलं होतं, ओढ्याने वाट बदलून कड्यावरून उडी घ्यायला सुरुवात केली होती, आणि पायथ्याशी त्याचं एक छोटं डबकं साचलं होतं. आणखी हजार वर्षांनी तिथे तळं असेल. देऊळ टिकलं होतं. दिवेशिळाही होती, पण कललेली. ती सरळ करायची नाही असं गावाने ठरवलं होतं. उत्तरेच्या टोकाला ओतलेलं तेल नवव्या वातीशी थांबायचं. पुढच्या बारा वाती कोरड्या.

सभामंडपात गाव जमत होतं. खांबाशी सुगंधा वाती पिळत बसली होती. ती पुन्हा खालच्या वाडीतल्या जुन्या घरात राहायला गेली होती. केतकी तिच्याजवळ जाऊन बसली.

“आप्पा गेल्याचं कळलं,” सुगंधा म्हणाली. “गावाला बोलावनं नाय आलं.”

“कुठल्या तोंडाने बोलावणार?” केतकी म्हणाली. मग तिने दोन वर्षं गिळलेलं वाक्य बाहेर काढलं. “सुगंधा, मला आदल्या दिवशी कळलं होतं. फुटायच्या आदल्या दिवशी.”

सुगंधाने हातातली वात नीट पिळून जागेवर ठेवली.

“म्हाईत हाय मला.”

“काय?”

“आयशीला म्हनालीस, दोन दिवस खाली जाऊन ऱ्हावा. मी मागल्या दारी भांडी घाशीत व्हते. सगळं आयकलं.”

“मग चौकशीत का नाही बोललीस?”

“ते माजं काम नव्हतं. तुजं व्हतं.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि केतकीला तेच सोसेना. “आयशीचं मी कवाच सोडलंय. एका दिवसाची चूक कोनाचीबी व्हते. तुला तरी कुटं ठावं व्हतं उद्याच फुटंल म्हनून? पन आप्पा दोन वर्सं जित्ते व्हते, केतू. त्यातल्या कंच्याबी दिवशी बोलली असतीस, तर त्या मानसाला हिकडे येऊन मरता आलं असतं. मी वाट बगत व्हते.”

केतकीला रडू आलं. आजवर ती काशीकाकीसाठी रडली होती, अकरा माणसांसाठी रडली होती. आप्पांसाठी असं रडायचं ठेवून दिलं होतं, हे तिला आत्ता कळलं. त्या एका दिवसाचा हिशेब ती रोज मांडत आली, आणि तिच्या घरात वाटीकडे बघत बसलेल्या माणसाचे सातशे दिवस तिने मोजलेच नव्हते.

“उद्या रत्नागिरीला जाते,” ती डोळे पुसत म्हणाली. “समितीला लिहून देते सगळं.”

“पुन्ना उद्याच?” सुगंधाने मान वर केली. “रत्नागिरी ऱ्हाऊ दे. ज्यांनी किल्ली काडून घेतली ते हितंच बसलेत.”

मंडपात साठ-सत्तर माणसं होती. खालच्या वाडीची, वरच्या आळीची, सगळी ओळखीची. कुणीतरी उत्तरेच्या टोकाला तेल ओतलं. ते पन्हळीतून चालत नवव्या वातीशी येऊन थांबलं. सुगंधा उठली, तिने वाटीत तेल घेतलं आणि कोरड्या वाती ओलांडून शेवटच्या वातीपाशी गेली. आईच्या वातीपर्यंत तेल जात नव्हतं, म्हणून गेल्या वर्षीसारखंच ती ते हाताने नेत होती. तिथून तिने केतकीकडे वळून पाहिलं आणि तेलाची वाटी पुढे केली.

केतकी उठली, वाटी दोन्ही हातांत धरली आणि गावाकडे तोंड करून म्हणाली, “आप्पांनी चौकशीत एक खोटं सांगितलं होतं. ते माझ्यासाठी होतं.” माणसं बोलता बोलता थांबली. आठव्या वर्षी उभी होती तशीच ती उभी राहिली, हात हलू न देता, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.